पोट आहे, जठर नाही

जिताड्याचे पिल्लू अंड्यातून बाहेर पडते तेव्हा त्याला तोंड नसते. डोळे असतात, पण त्यांत अजून रंग भरलेला नसतो. आतडे असते, पण ते दोन्ही टोकांना बंद असलेल्या सरळ नळीसारखे. एकूण लांबी दीड मिलिमीटरच्या आसपास. पोटाखाली बलकाची पिशवी आणि त्या बलकात तेलाचा एक थेंब, एवढ्या शिदोरीवर ते सुमारे दोन दिवस पाण्यात तरंगत राहते. दुसरा दिवस सरता सरता जबडा फुटतो, डोळे काळे होतात, नळीची टोके उघडतात आणि त्याला पहिल्यांदा भूक लागते. (भूक हा शब्द आपला; त्याचा अनुभव काय असेल ते कोण सांगणार?) बलक तोवर बहुतेक संपलेला असतो. येथून पुढचे पंधरा-वीस दिवस हे पिल्लू काय खाते आणि खाल्लेले कशाच्या बळावर पचवते, या प्रश्नाभोवती मत्स्यशास्त्रात अर्धशतक वाद चालला. मला तो वाद वाङ्मयीन वादांइतकाच ओढ लावणारा वाटला.

साहित्याच्या शिक्षकाने माशाच्या आतड्यात डोकावण्याचे कारण अनुवाद. काही वर्षांपूर्वी मत्स्यबीज केंद्रांत काम करू इच्छिणाऱ्या मुलांसाठीची एक इंग्रजी प्रशिक्षणपुस्तिका मराठीत आणण्याचे काम माझ्याकडे आले. पुस्तिका चाळीसेक पानांची. काम चार महिने चालले, आणि त्यांतले तीन महिने पचनावरच्या सहा पानांनी घेतले. टाक्या, पंप, क्षारता, प्राणवायू यांची पाने सरळ होती. यंत्रांची भाषा कोठेही फारशी आडवी येत नाही. अडले ते पिल्लाच्या पोटापाशी.

जिताडा ज्यांना माहीत नाही अशा घाटावरच्या वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. हा मासा शास्त्राच्या वहीत 'लेटिस कॅल्कॅरिफर'. बंगालात भेटकी, ऑस्ट्रेलियात बॅरामुंडी. रायगड जिल्ह्यात, विशेषतः पेण, अलिबाग, उरणच्या खारपट्ट्यात, तो नुसता मासा नाही, प्रतिष्ठेचा विषय आहे. खारबंदिस्तीच्या आतल्या शेततळ्यांत जिताडे वाढवायची आणि खास पाहुणा आला की त्यातला एक काढायचा, ही तिकडची जुनी रीत. हे तळ्यातले जिताडे मूळचे खाडीतले. पावसाळ्यात भरतीच्या पाण्याबरोबर आत शिरलेली किंवा खाडीतून धरून आणलेली बोटभर पिल्ले तळ्यात सोडत. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या जिताडा पाळणाऱ्या या माणसांची त्याच्याशी ओळख तो बोटाएवढा झाल्यावर होत असे. त्याआधीचे सगळे समुद्राच्या खात्यावर. दीड मिलिमीटरचे, तोंड नसलेले पिल्लू त्यांच्यापैकी कोणी पाहिलेले नव्हते, पाहण्याचे कारणही नव्हते. माणसाने ते पाहिले तेव्हाच जेव्हा हा मासा बंदिस्त टाकीत अंडी घालू लागला: थायलंडमध्ये १९७० च्या दशकात, आणि भारतात चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेत १९९७ साली. त्या दिवसापासून समुद्राच्या खात्यावरचे ते दिवस माणसाच्या खात्यावर आले. आणि टाक्यांच्या तळाशी मेलेल्या पिल्लांचा पांढुरका थर साचू लागला.

अनुवादाच्या निमित्ताने पूर्व किनाऱ्यावरच्या एका बीजोत्पादन केंद्रात मी दोन दिवस राहिलो. मला वाटले होते तशी ती माशांची जागा नव्हती. ती स्वयंपाकघराची जागा होती. पहिल्या खोलीत काचेच्या बरण्यांत हिरवे पाणी. ते सूक्ष्म शेवाळ. दुसऱ्या खोलीत ते शेवाळ खाणारे रोटिफर. एक मिलिमीटरच्या दहाव्या ते तिसऱ्या हिश्श्याएवढे प्राणी, ज्यांच्या तोंडाभोवतीच्या केसांची हालचाल चाक फिरल्यासारखी दिसते. लॅटिनमध्ये 'रोटा' म्हणजे चाक. नावाचा सरळ अर्थ 'चाक धारण करणारा'. शब्दशः भाषांतर करायचे तर 'चक्रधर'. लीळाचरित्र शिकवणाऱ्या माणसाच्या हातून हा शब्द माशाच्या खाद्यासाठी लिहिला जाणे शक्य नव्हते. मी 'रोटिफर'च ठेवला. तिसऱ्या खोलीत आर्टेमिया. हा खाऱ्या सरोवरांतला आणि मिठागरांतला कवचधारी जीव. त्याची सुकलेली बीजांडे वर्षानुवर्षे डब्यात राहतात आणि खाऱ्या पाण्यात टाकली की दिवसभरात उमलतात. जगभरच्या बीजकेंद्रांना लागणारी बीजांडे मोठ्या प्रमाणावर अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या ग्रेट सॉल्ट लेकमधून येतात. म्हणजे रायगडच्या तळ्यातल्या जिताड्याच्या लहानपणाचा घास युटातून डबाबंद होऊन येतो. यावर काही शेरा मारण्याचा मोह मी टाळतो.

पिल्लाला तिसऱ्या दिवसापासून रोटिफर, दुसऱ्या आठवड्यात हळूहळू आर्टेमिया आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कोरडे खाद्य, असा साधारण क्रम आहे. त्यातही रोटिफर आणि आर्टेमिया पिल्लांना घालण्यापूर्वी काही तास त्यांनाच तेलयुक्त आहार देतात, कारण समुद्री पिल्लांना लागणारी काही मेदाम्ले त्यांच्या अंगी पुरेशी नसतात. अन्नाला आधी जेवू घालायचे आणि मग ते वाढायचे. जपानमध्ये ईल माशांच्या तळ्यांत रोटिफर माजले की पाणी बिघडते म्हणून १९५० च्या दशकात ते उपद्रवी समजले जात. पुढच्या दशकात तेच समुद्री पिल्लांचे पहिले अन्न ठरले. हे सगळे खर्चिक आहे, नाजूक आहे, आणि रोटिफरांची टाकी एका रात्रीत कोसळली की त्यावर अवलंबून असलेली लाखो पिल्ले उपाशी मरतात. मग पहिल्या दिवसापासून भुकटीचे खाद्य का देत नाहीत? हा प्रश्न मी विचारला, आणि तो तेथे येणारा प्रत्येक जण विचारतो असे मला सांगण्यात आले. उत्तर ठरलेले होते: "सर, त्याला अजून पचनशक्ती नाही."

पुस्तिकेतही नेमके हेच होते, फक्त इंग्रजीत आणि अधिक शिष्टपणे. पचनाच्या सहा पानांतली विशेषणे मी एका कागदावर उतरून काढली तेव्हा ती जवळजवळ सगळी नकारार्थी निघाली: अविकसित, अपुरे, अपूर्ण, अकार्यक्षम, अद्याप नसलेले. जठर नाही, आम्ल नाही, पेप्सिन नाही. हे पिल्लू म्हणजे वजाबाकीचे उदाहरण होते. मोठ्या माशातून एकेक गोष्ट वजा करत गेले की उरते ते पिल्लू.

मराठीत आणताना तर अडचणी वाढतच गेल्या. या अवस्थेला मराठी विश्वकोशात 'डिंभ' म्हणतात. शब्द नेटका आहे. संस्कृतात डिंभ म्हणजे तान्हे मूल, प्राण्याचे पिल्लू. आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ मूर्ख, अजाण. भाषेने बालपण आणि अज्ञान एकाच शब्दात कोंबल्याची ही काही एकटी साक्ष नव्हे. 'अळी' लिहावे तर वाचणाऱ्याला आंब्यातली अळी आठवणार. शेवटी 'पिल्लू' हाच शब्द ठेवला. मत्स्यखात्याच्या मराठीत गोड्या पाण्यातल्या माशांसाठी 'मत्स्यजिरे', 'मत्स्यबीज', 'बोटुकली' अशी चढती श्रेणी आहे. जिऱ्याएवढे ते बोटाएवढे. हे शब्द ज्या कोणी घडवले त्याच्या हाताला मासा लागलेला होता हे उघड आहे. त्यात वजाबाकी नाही, नुसते माप आहे.

एंझाइमला शालेय मराठीत 'विकर' म्हणतात. केंद्रातल्या एका मुलाला मी मसुद्याचे पान वाचायला दिले तर त्याने 'पिल्लाच्या आतड्यातील विकार' असे वाचले आणि औषध कोणते, असे विचारले. एका कान्याचा फरक. मी 'पाचक रस' हा जुना, ढोबळ शब्द घेतला. रस म्हणजे अख्खा द्राव आणि एंझाइम म्हणजे त्यातला काम करणारा रेणू, हा भेद एकदा वाक्यात सांगून पुढे गेलो. जठराची गोष्ट याहून गमतीची. 'स्टमक' म्हणजे सर्वसाधारण मराठीत पोट. पण 'या माशाला पोट नाही' हे वाक्य मराठीत लिहिताच येत नाही. ज्याला पोट नाही असा जीव आपल्या भाषेत नाही. पोटासाठी तर सगळे. म्हणून 'पोट आहे, जठर नाही' असे लिहिले, आणि लिहिल्यावर लक्षात आले की मूळ इंग्रजीपेक्षा हे विधान जास्त खरे आहे.

कारण जठर नसणे म्हणजे पचन नसणे नव्हे, याचा पुरावा महाराष्ट्रातल्या बहुतेक धरणांत आणि गावतळ्यांत पोहतो आहे. रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस हे सगळे कार्प कुळातले मासे. यांना जन्मभर जठर येत नाही. आम्ल नाही, पेप्सिन नाही. अन्न घशातून थेट आतड्याच्या फुगीर भागात जाते आणि तेथून लांबलचक वेटोळ्यांत. किलोकिलोचे रोहू या व्यवस्थेवर शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा पचवतात. जठर नसलेले पिल्लू अपूर्ण असेल तर रोहू मरेपर्यंत अपूर्णच म्हणायला हवा. त्याला तसे कोणी म्हणत नाही. जिताड्याच्या पिल्लाला म्हणतो, कारण त्याचा बाप कसा आहे हे आपल्याला ठाऊक असते.

मग त्या पिल्लाच्या नळीत चालते तरी काय? तोंड उघडण्याच्या सुमारासच स्वादुपिंड तयार असते आणि ट्रिप्सिन हे प्रथिने तोडणारे एंझाइम तेथे आलेले असते. पेप्सिनला आम्ल लागते, ट्रिप्सिनला अल्कधर्मी वातावरण चालते, आणि पिल्लाचे आतडे तसेच असते. म्हणजे तोंड फुटण्याआधी चूल मांडलेली असते. हे सगळे अन्नाची वाट न पाहता, आतल्या वेळापत्रकाने घडते. दुसरी गोष्ट अधिक विलक्षण. आतड्याच्या मागच्या भागातल्या पेशी प्रथिनांचे मोठे रेणू न तोडताच गिळून आत घेतात आणि पेशीच्या आत त्यांचे तुकडे करतात. मोठ्यांचे पचन नळीच्या पोकळीत आणि पेशीच्या उंबऱ्यावर होते. पिल्लाचे बरेचसे घरात आणून होते. सिंगापूरमध्ये वॉल्फर्ड आणि लॅम यांनी जिताड्याच्याच पिल्लांवर केलेला अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. जठर आकाराला येण्याची सुरुवात दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस दिसते आणि आतले आम्ल त्यानंतरच्या दिवसांत वाढत जाते, हे त्यातून कळते. तोवर जे चालते ती मोठ्यांच्या पचनाची कच्ची प्रत नाही, वेगळी रीत आहे. दिवसागणिक वजनाच्या पाचव्या-चौथ्या हिश्श्याने वाढणारे पिल्लू समुद्री माशांत दुर्मीळ नाही. ज्याला पचनशक्तीच नाही त्याने एवढे अंग कशातून धरले?

या प्रश्नाला १९७० च्या दशकात एक देखणे उत्तर मिळाले होते. पोलंडचे दाब्रोव्स्की आणि ग्लोगोव्स्की यांनी १९७७ मध्ये असा विचार मांडला की पिल्लू जे जिवंत जीव खाते त्यांच्या अंगातच पाचक एंझाइमे असतात. भक्ष्य चिरडले की ती मोकळी होतात आणि भक्ष्य स्वतःच्याच रसांनी पचते. पिल्लाचे पचन उसने. जिवंत खाद्यावर पिल्ले जगतात आणि कोरड्यावर मरतात, याचे सरळ स्पष्टीकरण मिळाले. पुढची वीस वर्षे हा विचार फिरत राहिला, आणि त्याच्या बळावर कोरड्या खाद्यात बाहेरून एंझाइमे मिसळण्याचे प्रयोग झाले.

हे वाचताना मला आपली समीक्षा आठवल्याशिवाय राहिली नाही. 'पचवणे' हे आपलेही लाडके क्रियापद. अमुक कवीने पाश्चात्त्य कविता पचवलेली नाही, तमुक कादंबरीकाराने रशियन कादंबरी पचवून आपली केली, असे आपण सर्रास लिहितो. नव्या, कोवळ्या लेखकाबद्दलचा आपला पहिला संशयही हाच असतो: याचे स्वतःचे काही नाही, ज्यांना वाचले त्यांच्याच बळावर हा चालला आहे. प्रभावाचा शोध ही आपल्याकडे कितीदा उसनवारीची झडती असते. झडती घेणारा सहसा एक गोष्ट मोजत नाही: उसने किती आणि स्वतःचे किती.

माशांच्या बाबतीत ते मोजले गेले. जपानमध्ये कुरोकावा आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये सार्डिनच्या पिल्लांच्या आतड्यातल्या प्रथिनभेदक एंझाइमांपैकी भक्ष्याकडून आलेला वाटा किती, याचा हिशोब मांडला. तो एक टक्क्याहूनही कमी निघाला. फ्रान्समध्ये ब्रेस्ट येथे शांताल काहू आणि झांबोनिनो-इन्फांते यांनी युरोपीय सीबासच्या पिल्लांवर केलेल्या कामातूनही हेच पुढे आले की पिल्लाची स्वतःची एंझाइमे भरपूर असतात. वीस वर्षे ज्याला आपण ऋणको समजत होतो तो स्वतःच्या कमाईवर जगत होता.

आता या निष्कर्षाची तात्त्विक बाजू सोडा. टाक्यांतल्या मरणाचे काय? पिल्लाला पचवता येत असेल तर कोरडे खाद्य दिल्यावर ते मरते का? येथे प्रश्न उलटा होतो, आणि मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत महत्त्वाची वाटते ती ही उलथापालथ. 'पिल्लात काय कमी आहे' याऐवजी 'खाद्यात काय कमी आहे' असे विचारले जाऊ लागले. उत्तरे निघाली. एक, खाद्याचा कण पिल्लाच्या तोंडात मावण्यासाठी मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या हिश्श्याचा हवा. एवढ्या बारीक कणातले विरघळणारे पोषण पाण्यात पडताच निसटते. ते निसटू नये म्हणून कणाला कवच द्यावे तर ते कवच पिल्लाच्या आतड्यात फुटत नाही. पाण्यात टिकायचे आणि पोटात सुटायचे, या दोन अटी एकाच कणाने पाळायच्या. दोन, पिल्लू डोळ्यांनी शिकार करते आणि हलणाऱ्यावर झडप घालते. भुकटी हलत नाही, बुडते. तीन, खाद्यातल्या मेदाचा प्रकार. काहू आणि झांबोनिनो-इन्फांते यांना दिसले की साध्या तेलापेक्षा फॉस्फोलिपिडे पिल्लाला फार मानवतात. आणि चार, प्रथिनांचे रूप.

या चौथ्या मुद्द्यापाशी थोडे थांबतो. प्रथिने आधीच तोडून, अर्धी पचवून दिली तर पिल्लाला सोपे जाईल, असा साधा तर्क होता. प्रयोग झाले. प्रथिनांचा थोडा भाग असा तोडून दिल्यावर पिल्ले खरेच चांगली वाढली. प्रमाण वाढवले तेव्हा मात्र वाढ खुंटली. मोठा होताना पेशीच्या आतले पचन मागे पडून उंबऱ्यावरचे पचन पुढे यायला हवे. सीबासमध्ये हा बदल साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घडतो, आणि अन्न अयोग्य असेल तर तो लांबतो. शिक्षकांच्या खोलीत हे सांगितले तेव्हा पाचही जणांना एकदम गाइडे आणि अपेक्षित प्रश्नसंच आठवले. मलाही आठवले होते. पण हे साम्य मी पुढे नेणार नाही. मासा विद्यार्थी नव्हे, आणि आम्ही साहित्याची माणसे कोणताही प्राणी दिसला की त्याची उपमा करून मोकळे होतो. प्राणी तेथेच मरून पडलेला असतो.

१९९८ मध्ये याच फ्रेंच गटाने, मूळचे भारतीय असलेले सदाशिवम कौशिक यांच्या सहभागाने, सीबासच्या पिल्लांना तोंड उघडल्यापासून केवळ तयार खाद्यावर वाढवून दाखवले. पिल्ले जगली, मोठी झाली. बीजकेंद्रांतून जिवंत खाद्य यामुळे हद्दपार झाले असे मात्र नाही. आजही बहुतेक समुद्री पिल्लांची सुरुवात रोटिफरनेच होते, आणि जिताड्याचीही. पण 'त्याला पचनशक्ती नाही' हे वाक्य त्या दिवशी खोटे ठरले. ते अजून का टिकून आहे, याचे माझे उत्तर असे की ते सोयीचे आहे. टाकीत पिल्ले मेली तर दोष पिल्लांच्या आतड्याचा. वाढणाऱ्याकडे बोट जात नाही.

पुस्तिकेच्या दृष्टीने हा शब्दांचा खेळ नव्हता. 'पचनशक्ती कमी' असे वाचणारा मराठी माणूस काय करील? आजाऱ्याला देतो तसे थोडे देईल, पातळ देईल, उशिरा देईल. लंघन हा आपल्या घरातला पहिला उपचार. आणि जिताड्याच्या पिल्लाला नेमके तेच मारते. नॉर्वेच्या योहान यॉर्टने १९१४ मध्ये असे मांडले होते की समुद्रात एखाद्या वर्षी मासे उदंड होतात की दुष्काळ पडतो, हे पिल्लांचा बलक संपून त्यांना पहिले अन्न लागते त्या काळात ठरते. पुढे १९६३ मध्ये ब्लॅक्स्टर आणि हेम्पेल यांनी हेरिंगच्या पिल्लांत असा एक क्षण दाखवला की त्यानंतर पिल्लू जिवंत असते, पोहते, पण त्याच्यासमोर अन्न ठेवले तरी खाण्याची ताकद त्याच्यात उरलेली नसते. इंग्रजीत याला परत न फिरण्याचा बिंदू म्हणतात. उपासात आतड्याच्या पेशी झिजतात, स्वादुपिंड आकसते. थंड समुद्रातल्या हेरिंगला या बिंदूपर्यंत पोचायला काही दिवस मिळतात. अठ्ठावीस-तीस अंशांच्या पाण्यातल्या जिताड्याला उसंत फारच थोडी. मेलेले पिल्लू तळाशी दिसते ते नंतर. निकाल आधीच लागलेला असतो, आणि वरून टाकी ठीकठाक दिसते.

म्हणून त्या सहा पानांचा आरंभ मी बदलला. मूळ परिच्छेद 'डिंभावस्थेत पचनसंस्था अपूर्ण असते' अशा अर्थाच्या वाक्याने सुरू होत होता. त्याच्या जागी लिहिले: 'तिसऱ्या दिवसापासून पिल्लू स्वतः पचवते. त्याला लागणारे पाचक रस त्याच्या आतड्यात तयार आहेत. जठर नंतर येते. तोवर घास लहान हवा, हलता हवा आणि सतत तोंडापुढे हवा.' अनुवादकाला एवढे स्वातंत्र्य आहे का, यावर माझी आणि काम देणाऱ्यांची दोन बैठकांत चर्चा झाली. त्यांच्यातल्या एका ज्येष्ठ मत्स्यतज्ज्ञ बाईंनी मूळ इंग्रजी परिच्छेद पुन्हा वाचला, माझा वाचला, आणि म्हणाल्या, "तुमचं राहू द्या. इंग्रजीतलंच बदलून घेऊ." इंग्रजीतले अजून बदलले की नाही ते मी विचारलेले नाही.

'वीनिंग'साठी शब्द शोधताना मात्र मराठी कमी पडली नाही. लेकराचे अंगावरचे दूध तोडतात. माशाला दूध नाही, तरी 'जिवंत खाद्य तोडणे' असे लिहिल्यावर कोणालाही खुलासा द्यावा लागला नाही. घरातल्या बायकांना जे ठाऊक असते तेच येथेही लागू आहे: एकदम तोडायचे नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आर्टेमिया चालू ठेवून त्यासोबत कोरडा कण द्यायचा, एकाचे प्रमाण उतरवत दुसऱ्याचे चढवायचे. तोवर जठर आकाराला आलेले असते, आम्ल उतरू लागलेले असते, पेप्सिन आपले काम हाती घेते. पिल्लू काळपट दिसते, डोक्यावर पाठीकडून नाकाकडे उतरणारी एक पांढरी रेघ असते. आता ते मोठ्यांच्या रीतीने खाऊ शकते.

आणि खाते. जठर म्हणजे साठवण. मोठा घास एकदम आत घेऊन ठेवण्याची जागा. बारीक बारीक घास सतत टिपणाऱ्या पिल्लाला ती नव्हती, तेव्हा भावंडे शेजारी शेजारी पोहत होती. आता त्यांतली जी दोन दिवस पुढे वाढलेली असतात ती बाकीच्यांना गिळू लागतात. आपल्या अर्ध्याहून अधिक लांबीचे भावंडही त्यांना शेपटीपर्यंत आत घेता येते. कधी ते घशात अडकते आणि दोघेही मरतात. त्यावर उपाय एकच, दर तीन-चार दिवसांनी सगळी पिल्ले भोकांच्या टोपल्यांतून गाळून आकारानुसार वेगळी करायची. केंद्रातली मुले या पुढे गेलेल्या पिल्लांना 'शूटर' म्हणतात. पुस्तिकेत मी तो शब्द तसाच ठेवला. दुसरा सुचलाही नाही. टोपली पाण्यात हलवताना मुले त्यांना एकेक करून हाताने उचलत होती, आणि पहिला शूटर सापडला तो किती दिवसांचा, हे भिंतीवरच्या फळ्यावर खडूने लिहीत होती: एकोणीस.